आपुलकी होती, उत्तरदायित्व नव्हते : बराकपूर छावणीतील दोन प्रसंग

कोलकात्याच्या उत्तरेस हुगळीच्या काठी वसलेले बराकपूर मराठी वाचकांना मंगल पांडे यांच्या नावाने परिचित आहे. मात्र वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील कामाचे नाते कशावर टिकते आणि कशामुळे तुटते, हे समजून घ्यायचे असेल तर १८५७ च्या ३३ वर्षे आधी याच छावणीत घडलेला प्रसंगही पाहावा लागतो. त्यात एक अगदी साधा प्रश्न अनुत्तरित राहिला होता : शिपायांचे सामान वाहण्यासाठी बैल कोण देणार?

१८२४ साली पहिले इंग्रज-ब्रह्मी युद्ध सुरू झाले आणि बराकपूर येथील बंगाल पायदळाच्या २६, ४७ व ६२ क्रमांकाच्या पलटणींना चितगावच्या दिशेने कूच करण्याचा आदेश मिळाला. उच्चवर्णीय शिपाई स्वयंपाकाची स्वतःची पितळी भांडी अंथरुणात बांधून नेत. बंदूक, काडतुसे आणि पाठीवरची पिशवी सांभाळून हे गाठोडे वाहणे अशक्य असल्याने त्यासाठी भाड्याने बैल घेण्याचा रिवाज होता. परंतु युद्धासाठी सैन्याच्या पुरवठा खात्याने बैल आधीच उचलले होते आणि उरलेल्यांचे दर शिपायांच्या आवाक्याबाहेर गेले होते. समुद्रमार्गे नेले जाण्याची भीती आणि वाढीव भत्त्याची मागणी यांचीही त्यात भर पडली.

याच वर्षी कंपनीने सैन्याची पुनर्रचना केली होती. तिच्यात अनेक अधिकारी एका पलटणीतून दुसरीकडे हलविले गेले. परिणामी वर्षानुवर्षे ओळखीच्या असलेल्या अधिकाऱ्यांच्या जागी अनोळखी चेहरे आले. नेमके संकटाच्या वेळी शिपायांची नावे, गावे आणि अडचणी ठाऊक असलेली माणसे समोर नव्हती.

तरीही आपुलकीचा पूर्ण अभाव होता, असे म्हणता येत नाही. ४७ व्या पलटणीचे प्रमुख कार्टराइट यांना शिपायांची अडचण पटली होती आणि स्वतःच्या पैशातून काही बैल मिळवून देण्याची तयारी त्यांनी दाखविली होती. हा चांगुलपणा निःसंशय खरा होता. पण एका अधिकाऱ्याच्या खिशातून पलटणीची वाहतूक चालत नाही. ज्या खात्याने बैल नेले होते, त्याच्याकडून उत्तर यायला हवे होते. सरकारने आर्थिक साहाय्य देऊ केले, तेव्हा उशीर झाला होता.

२ नोव्हेंबर १८२४ रोजी सरसेनापती सर एडवर्ड पॅजेट युरोपीय पलटणी आणि तोफा घेऊन कवायतीच्या मैदानावर आले. कूच करा अथवा शस्त्रे खाली ठेवा, असे फर्मान निघाले. शिपायांनी ते मानले नाही, तेव्हा तोफांचा भडिमार झाला. पळणाऱ्यांनी टाकून दिलेल्या बहुतेक बंदुका भरलेल्याच नव्हत्या, असे नंतर आढळले. मृतांच्या संख्येबाबत मतभेद आहेत. सुमारे १८० हा अंदाज वारंवार दिला जातो. नेतृत्व करणाऱ्या बिंदा तिवारी यांच्यासह अनेकांना फाशी देण्यात आली आणि ४७ व्या पलटणीचे नाव सैन्याच्या यादीतून पुसले गेले. पलटणीतील हिंदी अधिकाऱ्यांनाही बडतर्फ करण्यात आले. कट त्यांना ठाऊक असलाच पाहिजे, असा तर्क त्यामागे होता. म्हणजे जबाबदारी निश्चित झाली, पण खालच्या पायरीवर. चौकशीचा अहवाल जाहीर करावा, अशी मागणी जोसेफ ह्यूम यांनी १८२७ साली ब्रिटिश संसदेत केली. ती फेटाळण्यात आली.

१८५७ साली बराकपूरची सूत्रे मेजर जनरल जॉन हिअर्सी यांच्याकडे होती. त्यांना उत्तम हिंदुस्थानी येत असे. काडतुसांना गाई-डुकराची चरबी लावल्याची कुजबुज जानेवारीत कानी येताच त्यांनी वरिष्ठांना कळविले आणि शिपायांना बाजारातून स्वतःच वंगण आणू द्यावे, अशी शिफारस केली. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये कवायतीच्या मैदानावर त्यांनी शिपायांशी त्यांच्याच भाषेत संवाद साधला. पण मूळ प्रश्न वेगळाच होता. कोणत्या प्राण्याची चरबी वापरावी, याची खबरदारीच घेतलेली नव्हती, हे शस्त्रसामग्री खात्याच्या पत्रव्यवहारातून उघड झाले. मग सेनापतीच्या शब्दाला आधार कशाचा? अशा स्थितीत गोड भाषेतील आश्वासनही संशय वाढविते.

प्रत्येक जवळीक हितकारक असतेच, असेही नाही. ३४ व्या पलटणीचे कर्नल व्हीलर शिपायांशी सलगीने बोलत, परंतु धर्मप्रचारासाठी. आपण अनेक वर्षे असा प्रचार करीत आलो, हे त्यांनी स्वतःच मान्य केले. २९ मार्च रोजी याच पलटणीतील मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले.

दोनच दिवसांनी १९ वी पलटण बराकपूर येथे बरखास्त करण्यात आली. बहरामपूर येथे तिचे प्रमुख कर्नल मिचेल यांनी शंकांचे निरसन करण्याऐवजी शिपायांना धमकावले होते. हिअर्सी यांनी मात्र निरोपाच्या वेळी त्यांना अंगावरील गणवेश ठेवू दिला आणि घरी परतण्याच्या प्रवासखर्चाची व्यवस्था केली. जाताना शिपायांनी हिअर्सींचा जयजयकार केला, अशी नोंद इतिहासकार जॉन के यांनी केली आहे. नोकरी गेलेल्या माणसांनी हे करावे, यातच सन्मानाने वागविण्याचे मोल दिसते. पलटण मात्र वाचली नाही.

आजच्या भारतीय सैन्यात या दोन्ही गोष्टींची सांगड घालण्याची रीत आहे. नवा अधिकारी आपल्या जवानांची भाषा शिकतो. बेळगाव येथे केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीत परप्रांतीय अधिकारीही मराठी बोलू लागतात. बडाखान्यात अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. त्याखेरीज सैनिक संमेलन भरते. तेथे रजा, निवास, रेशन यांविषयीच्या अडचणी जवान उभा राहून मांडतो, त्या लिहून घेतल्या जातात आणि त्यांवर काय झाले, याचे उत्तर कमांडिंग अधिकाऱ्याला सर्वांसमोर द्यावे लागते.