मुलांस आभाळ वाचावयास शिकवा

चारपांच वर्षांचें मूल दिवसांतून किती प्रश्न विचारतें याची मोजदाद करणें कठीण. परंतु त्यांतील निदान एक तरी आभाळासंबंधीं असतो, हा अनुभव लेंकुरवाळ्या घरांतील सर्वांसच आहे. ढग कशाचा असतो? तो खालीं कां पडत नाहीं? पावसाचें पाणी वर कोणीं नेलें? गडगडाट कोण करतें? या प्रश्नांस आपल्या घरांत सामान्यतः दोन उत्तरें मिळतात. आभाळांतली म्हातारी हरभरे भरडते, हें एक; आणि ‘शाळेंत गेलास म्हणजे कळेल,’ हें दुसरें. पहिलें उत्तर गोड आहे, व तें टाकून द्यावें असें आम्ही म्हणत नाहीं. आजीच्या मांडीवर ऐकलेली म्हातारी जन्मभर सोबत करते. दुसरें उत्तर मात्र घातक आहे. कारण शाळेंत जाईपर्यंत विचारण्याची हौस जिवंत राहील याची हमी कोणीं घ्यावी? आतां तर तिसरेंहि एक उत्तर घरांत शिरलें आहे. पाऊस येईल का, असें विचारतांच वडील माणूस खिडकीबाहेर न पाहतां हातांतील मोबाईलकडे पाहतें. आणि मूल तेंच शिकतें.

हवामानाचे अंदाज उपयुक्त असतात, यांत संशय नाहीं. तथापि दुसऱ्यानें पाहून सांगितलेलें ऐकणें निराळें, आणि आपण पाहून समजणें निराळें. हा भेद मुलास लहानपणींच कळावा. व तो शिकविण्यास आभाळासारखी फुकट, रोज बदलणारी आणि घरबसल्या मिळणारी दुसरी शाळा नाहीं, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

स्वयंपाकघरांतील ढग

आरंभ पुस्तकानें करूं नये. चहाच्या किटलीनें करावा. पाणी खळखळ उकळूं लागलें म्हणजे मुलास दूर उभें करून किटलीच्या तोटीकडे नीट पाहावयास सांगावें. तोटीच्या अगदीं तोंडाशीं कांहींच दिसत नाहीं; बोटभर पुढें पांढरा लोट दिसूं लागतो, आणि आणखी वर जाऊन तोहि नाहींसा होतो. त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेंतच खरी वाफ असते. ती डोळ्यांस दिसत नाहीं. पुढें गार हवा लागून तिचे सूक्ष्म जलकण बनतात, तोच तो पांढरा लोट. आणि आभाळांतला ढग म्हणजेहि तेंच. नंतर एका तांब्यांत बर्फ घातलेलें पाणी भरून तो ओट्यावर ठेवावा. थोड्या वेळानें त्यास बाहेरून घाम फुटतो. ‘तांब्या गळतो आहे कीं काय?’ असें विचारून मुलास थोडें घोटाळ्यांत पाडावें. हवेंत न दिसणारें पाणी आहे, हें एकदां त्याच्या बोटांस ओलें लागलें म्हणजे पुन्हां सांगावें लागत नाहीं.

हीच क्रिया आभाळांत मोठ्या प्रमाणावर चालते. समुद्र, नद्या, तळीं, ओली जमीन व झाडांचीं पानें यांतून पाणी वाफ होऊन हवेंत मिसळतें. तापलेली हवा वर चढते, वर जातां जातां प्रसरण पावून गार होते. आणि तेथें धूळ, धूर व समुद्रावरील मीठ यांच्या अतिसूक्ष्म कणांभोंवतीं जलकण जमतात. कालिदासानें ‘मेघदूतां’त मेघाचे घटक सांगतांना तेज, पाणी आणि वारा यांबरोबर धुराचीहि गणना केली आहे. कवीस आजचें शास्त्र ठाऊक होतें असा दावा करण्याचें कारण नाहीं. परंतु मोठ्या मुलांस ही जुळणी दाखविली तर संस्कृताचा तास आणि विज्ञानाचा तास क्षणभर एकत्र येतील.

ढगांतील एक कण मिलिमीटराच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या हिश्श्याएवढा असतो. तो इतक्या मंद गतीनें पडतो कीं, खालून वर येणारी हवा त्यास सहज पेलून धरते. असे सुमारें दहा लक्ष कण एकत्र आले म्हणजे पावसाचा एक थेंब होतो. मग मात्र हवेस तो पेलवत नाहीं. पावसाळ्यांत खंडाळ्याच्या घाटांत गाडी धुक्यांत शिरली, तर मुलास अवश्य सांगावें, ‘बाळ, आपण आतां ढगाच्या पोटांत आहों.’ धुकें म्हणजे जमिनीस टेकलेला ढग, ही व्याख्या त्यास पाठ करावी लागणार नाहीं.

नांवें थोडीं, पाहणें फार

ढगांस नांवें देण्याचें काम तसें अलीकडचें आहे. १८०२ सालीं लंडन येथें ल्यूक हॉवर्ड नांवाच्या एका औषधें बनविणाऱ्या गृहस्थानें तीं सुचविलीं, आणि त्याची पद्धति आजहि जगभर चालते. त्यांतील मुख्य आकार तीनच: सिरस म्हणजे केसांची बट, क्युम्युलस म्हणजे ढीग, आणि स्ट्रेटस म्हणजे थर. हे तीन आकार चार वर्षांच्या मुलासहि ओळखतां येतात. पिंजलेल्या कापसाच्या तंतूंसारखा दिसणारा ढग फार उंच, बहुधा सहा किलोमीटरांच्याहि वर असतो, व तो बर्फाच्या स्फटिकांचा बनलेला असतो. ऐन वैशाखांत आपल्या डोक्यावर बर्फ तरंगत असतें, हें ऐकून मूल चकित झाल्यावांचून राहत नाहीं. ढिगाचा ढग खालीं सपाट व वर फुलकोबीसारखा फुललेला असतो. थराचा ढग आभाळावर घोंगडी पसरावी तसा दिसतो. ढीगच वाढत वाढत पंधरा किलोमीटरांपर्यंत चढला आणि त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला, म्हणजे तो गर्जणारा मेघ. वीज, वादळ आणि गारा यांचें तें माहेर. मुलानें यांस स्वतःचीं नांवें ठेवलीं तर ठेवूं द्यावीं. ‘गादीचा ढग’ म्हणणाऱ्या मुलानें ढग पाहिलेला असतो. नुसतें ‘क्युम्युलस’ म्हणणाऱ्यानें तो पाहिलाच असेल असें नाहीं.

बारा महिन्यांचें आभाळ

आपल्या देशावरील ऋतु या तीन आकारांनींच ओळखतां येतात. वैशाखांत सकाळ निरभ्र असते, दुपारीं ढीग चढूं लागतात आणि सायंकाळीं वळीव कोसळतो. ज्येष्ठांत वारा नैर्ऋत्येकडून वाहूं लागतो. तापलेल्या भूमीकडे समुद्रावरची ओली हवा ओढली जाते, व थरांचे काळे ढग येतात. आषाढांत हे ढग सह्याद्रीस अडतात, वर चढतात, गार होतात आणि कोंकणावर व घाटमाथ्यावर रिते होतात. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं सरासरीनें साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आणि तेथून पूर्वेस तीसबत्तीस किलोमीटरांवर, डोंगर उतरून वाईस आलें, तर त्याच्या पांचव्या हिश्श्याइतकाहि नाहीं. भूगोलाच्या पुस्तकांतील ‘पर्जन्यछाया’ हा शब्द एका दिवसाच्या सहलींत मुलास डोळ्यांनीं दिसूं शकतो.

श्रावणांत ऊनपावसाचा खेळ चालतो. इंद्रधनुष्य पाहावयाचें तर सूर्याकडे पाठ करावी; सकाळचें पश्चिमेस, सायंकाळचें पूर्वेस. भर दुपारीं तें जमिनीवरून कां दिसत नाहीं, याचा शोध मोठ्या मुलांकडे सोंपवावा. सूर्य क्षितिजापासून बेचाळीस अंशांहून वर गेला कीं धनुष्य क्षितिजाखालीं जातें, हें वर्तुळें काढून त्यांस उमगेल. हस्ताचा सूर्य झाला कीं मुली पाटावर हत्ती काढून हादगा घालतात, आणि परतीचा पाऊस पुन्हां विजांसह येतो. कार्तिकानंतर आभाळ धुतल्यासारखें होतें. पहाटे गवतावर दंव पडतें, आणि तांब्याच्या घामाची मुलास आठवण करून देण्याची ती उत्तम वेळ होय.

आजोबांचें पंचांग आणि नातवाची बरणी

पाहिलेलें मोजलें नाहीं तर तें लवकर विसरतें. यासाठीं घरांत एक पर्जन्यमापक असावा. सरळ बाजूंची, सपाट बुडाची कांचेची बरणी गच्चीवर किंवा अंगणांत, भिंती व झाडें यांपासून दूर ठेवावी. रोज सकाळीं साडेआठ वाजतां, म्हणजे सरकारी वेधशाळा ज्या वेळीं मोजतात त्याच वेळीं, आंतील पाण्याची खोली पट्टीनें मोजून वहींत लिहावी व बरणी रिती करावी. शेजारीं मोठ्या तोंडाची दुसरी तशीच बरणी ठेवली तरी खोली तेवढीच भरते. कां, हें मुलासच विचारावें. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें, हा हिशेब कळल्यावर गच्चीवरून किती पाणी वाहून गेलें हें तें स्वतःच काढूं लागेल.

शहरांत वेधशाळा असतांना घरची बरणी कशास, अशी शंका कोणी घेईल. २६ जुलै २००५ च्या सकाळपासून चोवीस तासांत मुंबईस सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच शहरांत कुलाब्यास तो पाऊणशें मिलिमीटरांच्या आंतच होता. आपल्या अंगणांत काय पडलें, तें आपल्या अंगणासच ठाऊक.

याच वहींत एक रकाना पंचांगासाठीं ठेवावा. मृगापासून हस्तापर्यंत पावसाचीं नऊ नक्षत्रें घरांतील वडील मंडळींच्या जिभेवर असतात. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, हीं नांवें मुलांस फार आवडतात. या गणनेंत मोठें शहाणपण आहे. आषाढ-श्रावण हे चांद्रमास अधिक मासामुळें मागेंपुढें होतात. सूर्यनक्षत्रें मात्र सूर्याबरोबर चालतात, म्हणून मृग दरवर्षीं ७-८ जूनच्या सुमारासच लागतो आणि मोसमी वाराहि त्याच्या आगेमागेंच महाराष्ट्रांत शिरतो. शेतकऱ्यानें पेरणीसाठीं नक्षत्र धरलें तें उगीच नव्हे.

नक्षत्राच्या वाहनाची गोष्ट निराळी. बेडूक, म्हैस किंवा हत्ती आला कीं पाऊस भरपूर, असा समज आहे. परंतु वाहन ठरतें तें गणितानें, आभाळ पाहून नव्हे. तेव्हां आजोबांनीं नक्षत्राच्या पहिल्या दिवशीं वाहन सांगावें, नातवानें तें लिहून ठेवावें, आणि तेराचौदा दिवसांनीं बरणीचा जमाखर्च त्यांच्यापुढें ठेवावा. ‘आजोबा, हत्ती आला होता, पण पाऊस सातच मिलिमीटर झाला हो!’ असें नातवानें म्हटलें तर त्यांत आपला अवमान झाला असें कित्येक वडीलधाऱ्यांस वाटेल. आमचें मत अगदीं उलट आहे. जें आजोबा हंसून ‘लिही बाळ, जसें झालें तसेंच लिही,’ असें म्हणतील, त्यांनीं नातवास जें दिलें तें कोणत्याहि शाळेस देतां येणार नाहीं. वडिलांवरची श्रद्धा आणि सत्याची चाड यांत एक निवडण्याची पाळी मुलावर येऊं नये, ही जबाबदारी मोठ्यांची आहे. एका वर्षांत निकाल लागणार नाहीं. चारपांच वर्षांच्या वह्या जमूं द्याव्या. वाहन खरें ठरो वा खोटें, घाईनें निकाल देऊं नये ही शिकवण तरी खास मिळेल.

भीति नको, सावधगिरी हवी

एक गोष्ट मात्र प्रयोगानें शिकावयाची नाहीं. वळवाचें वारें सुटलें कीं पडलेल्या कैऱ्या वेंचण्यासाठीं मुलें आंब्याखालीं धांवतात, आणि विजेच्या दिवसांत एकटें उंच झाड हेंच सर्वांत धोक्याचें ठिकाण असतें. म्हातारीची गोष्ट सांगून भीति घालविली, एवढ्यानें भागत नाहीं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे; प्रत्येक तीन सेकंदांस वीज सुमारें एक किलोमीटर दूर, कारण प्रकाश तत्काळ दिसतो व आवाज सेकंदास सुमारें ३४० मीटर चालतो. हा खेळ घरांत बसून खेळावयाचा. गडगडाट ऐकूं आला म्हणजेच आपण विजेच्या टप्प्यांत आहों. तेव्हां पक्क्या घरांत यावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. हा नियम मुलास कारणासह सांगावा. नुसत्या दटावणीनें थांबलेलें मूल दटावणारा दूर जातांच पळतें. कारण कळलेलें मूल धाकट्या भावंडासहि हात धरून आंत आणतें.

वहीचें काम मुलगेच करतील असें समजूं नये. भारतीय हवामान खातें १८७५ सालीं स्थापन झालें व १९२८ सालीं त्याचें मुख्य ठाणें शिमल्याहून पुण्यास आलें. पुण्यांतील त्या वास्तूस लोक अजूनहि ‘शिमला ऑफिस’ म्हणून ओळखतात. याच खात्यांत १९४८ सालीं पुण्यास रुजू झालेल्या अन्ना मणि या विदुषीनें हवामानाचीं उपकरणें देशांत तयार व्हावीं यासाठीं आयुष्य वेंचलें. आपल्या घरांतील मुलींस ही गोष्ट ठाऊक असावी.

या सर्व उद्योगास खर्च म्हणावा तर एका वहीचा आणि एका रित्या बरणीचा. वेळ लागेल तो सकाळचीं पांच मिनिटें. आजीनें नक्षत्र सांगावें, काकानें पट्टी धरावी, आईनें किटली दाखवावी आणि मुलानें लिहावें. अनेक माणसांच्या घराचा खरा लाभ तो हाच. मुलानें विचारलेलें आपणांस येत नसेल, तर ‘चल, पाहूं या,’ एवढे शब्द पुरेत. येत्या मृगापूर्वीं आमच्या वाचकांनीं आपल्या घरांत ही वही सुरू करावी, अशी त्यांस आमची आग्रहाची विनंति आहे.