भिंग बसविल्यानंतर

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आतां आमच्या सोलापूरांत कोणास अपूर्व वाटत नाहीं. सकाळीं रुग्णालयांत गेलेली आजी सायंकाळीं घरीं परतते, थोड्याच दिवसांत पोथी वाचूं लागते आणि घरचीं माणसें निश्चिंत होतात. बहुतेकांच्या वांट्यास हें सुख खरोखरच येतें. तथापि भिंग बसलें म्हणजे कार्य संपलें, ही जी समजूत घरोघर रूढ झाली आहे, तिजविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत कफज लिंगनाशावरील शलाकाकर्म वर्णिलेलें आहे. रुग्णानें नंतर उताणें पडून राहावें, शिंक, खोकला, ढेकर आवरावीं, असे निर्बंधहि तेथें आहेत. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, वेध बिघडल्यास उद्भवणाऱ्या उपद्रवांची यादीच ग्रंथकारांनीं दिली असून तिच्या आरंभीं राग म्हणजे लाली व शोफ म्हणजे सूज हे शब्द आहेत. शस्त्रकर्माइतकीच नंतरची जागरूकता आवश्यक आहे, हें प्राचीनांस पूर्ण ठाऊक होतें.

पुढें 18 व्या शतकांत फ्रान्समधील जाक डाव्हिएल ह्यांनीं मोतीबिंदु बाजूस न सारतां बाहेर काढण्याची रीति प्रचारांत आणिली. परंतु भिंगाची जागा रिती राहून रुग्णास जाड चष्मा लागे. ती उणीव लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांतील हॅरोल्ड रिड्ले ह्यांनीं भरून काढिली. दुसऱ्या महायुद्धांत वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या पर्स्पेक्सचे कण शिरले असतां डोळा ते निमूटपणें सोसतो, हें त्यांच्या ध्यानीं आलें होतें. त्याच जातीच्या पदार्थाचें भिंग त्यांनीं 29 नोव्हेंबर 1949 रोजीं एका रुग्णाच्या डोळ्यांत बसविलें. भिंग टिकलें, पण त्याची शक्ति चुकल्यामुळें रुग्णास सुमारें उणे 18 क्रमांकाचा दोष आला. पुढें कित्येकांचीं भिंगें जागेवरून सरकलीं, कित्येकांच्या डोळ्यांस दाह झाला. आज डोळ्याची लांबी व पुढील पारदर्शक पटलाची वक्रता आधीं मोजून भिंग निवडितात, म्हणून तसा मोठा दोष विरळ झाला आहे. मदुराईच्या ऑरोलॅब संस्थेनें 1992 पासून स्वस्त भिंगें तयार केल्यामुळें तीं गरिबांच्याहि आवांक्यांत आलीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रव ढोबळ मानानें दोन प्रकारचे असतात, आणि भीति कोणाची बाळगावी व घाई कोठें करावी, ह्याविषयीं लोकांची नेमकी उलट समजूत असते.

कांहीं महिन्यांनीं किंवा वर्षांनीं दृष्टि पुन्हां धूसर होते. "मोतीबिंदु परत आला" म्हणून घर हवालदिल होतें. वस्तुतः काढलेला मोतीबिंदु परत येत नाहीं. ज्या पातळ पिशवींत भिंग ठेवितात, तिचा मागचा पडदा गढूळ झालेला असतो. याग लेसरच्या किरणांनीं त्यास छिद्र पाडितात. काम कांहीं मिनिटांचें असतें व कापाकाप नसते. येथें भिण्याचें कारण नाहीं.

ह्याउलट पहिल्या कांहीं दिवसांत डोळा ठणकूं लागणें, लाली वाढणें आणि आलेली दृष्टि मंदावणें हीं लक्षणें डोळ्याच्या आंत जंतुसंसर्ग झाल्याचीं असूं शकतात. असा संसर्ग हजारांत एखाद्यासच होतो. पण झाल्यास औषध डोळ्याच्या आंत टोचून द्यावें लागतें आणि तेथें दिवस नव्हे, घटका मोजाव्या लागतात. जानेवारी 2019 मध्यें मुंबईत जोगेश्वरीच्या महापालिका रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या सात रुग्णांपैकीं पांच जणांची त्या डोळ्याची दृष्टि संसर्गामुळें गेली. तसेंच पुढें केव्हांहि डोळ्यापुढें चमका येणें, काळे ठिपके एकाएकीं वाढणें, पडदा ओढल्यासारखें वाटणें हीं दृष्टिपटल सुटत असल्याचीं चिन्हें होत. तेथेंहि विलंब घातक ठरतो.

पण आमच्या पिढीचा स्वभाव सोसण्याचा. मुलगा-सून नोकरीवर, नातू पुण्यास, "उगाच कशाला त्रास? उद्यां बरें वाटेल," असें म्हणून वृद्ध मनुष्य रात्र कंठितो. सहनशीलता हा सद्गुण खरा, परंतु ह्या एका प्रसंगीं ती आंधळेपणास आमंत्रण देते.

म्हणून घरच्यांनीं विचारण्याची वाट पाहूं देऊं नये. पहिला आठवडाभर रोज सायंकाळीं विचारावें: दुखतें का, लाली वाढली का? दुसरा डोळा झांकून भिंतीवरची दिनदर्शिका वाचावयास सांगावी; कालच्याहून आज कमी दिसल्यास त्याच रात्रीं नेत्रवैद्यांकडे जावें. हात धुऊन मगच औषधाचे थेंब घालावे. मधुमेह असल्यास तो आटोक्यांत ठेवावा. वैद्यांनीं परवानगी देईपर्यंत डोळ्यांत पाणी जाऊं देऊं नये, आणि शस्त्रक्रिया पौषांत झाली असल्यास सिद्धेश्वराच्या गड्ड्यावरील धूळ त्या वर्षापुरती टाळावी. देव घरूनहि नमस्कार स्वीकारतो.

भिंग वैद्य बसवितात. त्यामागील डोळा राखण्याचें काम मात्र घरानें करावयाचें असतें.