पाण्यात परतण्यापूर्वी

सायकल आणि पोहणं एकदा आलं की जन्मभर विसरत नाही, असं आपण म्हणतो. त्यात तथ्यही आहे. पण पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून समुद्रात खोल उतरण्याची विद्या, म्हणजे स्कूबा डायव्हिंग, या यादीत बसत नाही. तिथे जमिनीवरच्या सवयी मोडाव्या लागतात, आणि सराव थांबला की मोडलेली सवय गुपचूप परत येते.

मी राहतो कळव्यात. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी. खाडीचं गढूळ पाणी फ्लेमिंगोंना मानवतं. पाणबुड्याला मात्र त्यात स्वतःचा हात दिसायचा नाही. म्हणून आम्हा ठाणेकरांना पाण्याखालचं जग बघायचं तर कोकण रेल्वेने कुडाळ आणि तिथून मालवण, ही सरळ वाट. आठ वर्षांपूर्वी मी तिकडेच शिकलो. पुढे नोकरी, आईचं आजारपण आणि करोना यांत कार्ड पाकिटातच राहिलं. यंदा धाकटी मुलगी कोर्स करून आली आणि तिला जोडीदार म्हणून बाबा हवा झाला. स्कूबात सहसा एकट्याने उतरत नाहीत. जोडीदाराची हवा संपली तर आपल्या सिलिंडरची जादा नळी त्याला द्यायची असते. ‘‘बाबा, माझी हवा संपली तर तुम्हाला सुचेल ना?’’ तिने विचारलं. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

कार्डाला मुदत नसते. पण सहा महिने-वर्षभर खंड पडला की उजळणी करूनच उतरावं, असं जाणकार सांगतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे सरावासाठी खोल तलावही आहे. अशा तलावात आधी हात बसवायचा आणि मग समुद्र, हा क्रम चांगला. त्याही आधी डॉक्टर. माझ्यासारख्या पन्नाशी उलटलेल्याने हृदय, फुप्फुसं, कान तपासून घेतलेच पाहिजेत.

उजळणीचा पहिला धडा श्वासाचा. ‘‘श्वास धरूचो नाय, काय झाला तरी!’’ हे आमच्या मालवणी शिक्षकांचं पालुपद. त्यामागचं गणित सोपं आहे. पाण्याखाली दहा मीटरवर दाब जमिनीच्या दुप्पट होतो. तिथे छातीत भरून घेतलेली सहा लिटर हवा वर येईतो बारा लिटर व्हायला बघते. श्वास रोखला तर ती जाणार कुठे? फुप्फुस फाटतं. त्यासाठी फार खोल जावं लागतं असंही नाही. भरल्या छातीने दीड मीटर वर आलं तरी इजा होऊ शकते. घाबरलेला माणूस नेमका श्वास धरतो आणि वर धाव घेतो. उजळणी असते ती या घाबरण्यावर.

मग मास्क. त्यात मुद्दाम पाणी घ्यायचं, वरची कड कपाळाशी दाबायची आणि नाकाने हवा सोडत पाणी बाहेर ढकलायचं. तोंडातला रेग्युलेटर काढायचा, बारीक बुडबुडे सोडत राहायचं, उजवा हात मागून फिरवून नळी शोधायची आणि तो परत तोंडात धरायचा. जोडीदाराला हवा द्यायची, त्याच्याकडून घ्यायची. अंगातल्या जाकिटात थोडी थोडी हवा भरत अधांतरी स्थिर राहायचं. हे जमलं नाही तर पाय खालच्या प्रवाळावर आपटतात. खुणाही घोटाव्या लागतात. अंगठा वर केला तर जमिनीवर ‘छान’, पाण्याखाली मात्र ‘वर चला’!

काही आकडे पाठच हवेत. भरलेला सिलिंडर साधारण २०० बारचा. ५० बार शिल्लक असताना पृष्ठभागावर यायचं. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरहून जास्त नको. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, म्हणजे रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश निघून जातो. याच कारणाने एकाहून अधिक डाइव्ह केल्यावर किमान अठरा तास विमानात बसू नये. मालवणहून कोल्हापूरकडे निघणाऱ्यांनीही सावध राहावं. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. पाण्यातून निघून लगेच घाट चढणं बरं नव्हे.

ज्याक कूस्तो आणि एमिल गान्यां या फ्रेंच जोडीने १९४३ मध्ये अ‍ॅक्वालंग बनवलं, तेव्हापासून उपकरणं कितीतरी सुधारली. माणसाचं शरीर मात्र तेच राहिलं. म्हणून गवयाला रियाज तसा पाणबुड्याला सराव. मालवणात पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं, तेव्हा नेहमीच्या हौशी मंडळींनाही दरवर्षी खंड पडतोच.

सुट्टीत मुलाबाळांसह सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पहिल्यांदाच पाण्यात उतरणाऱ्यांना एवढी तयारी लागत नाही. शिक्षक त्यांना धरूनच असतो. पण त्यांनीही तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सर्दी असेल तर उतरू नका. खाली जाताना कान दुखायची वाट न बघता नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंका. तरीही दुखलं तर खूण करून थांबा. आणि श्वास चालू ठेवा. पैसे भरलेत, बोट थांबली आहे, म्हणून कुणी उतरू नये. मन नाही म्हणत असेल तर बोटीत बसून राहावं. समुद्र पुढल्या सुट्टीतही तिथेच असतो.