गुलाबी दाणा काय सांगतो?

मृग लागला की भंडारा जिल्ह्यात धानाचे पऱ्हे टाकायची लगबग सुरू होते. बियाण्याची पिशवी फोडावी, तर कधी दाणे गुलाबी निघतात, कधी निळे, कधी हिरवे. हा रंग ना धानाचा, ना रोग मारणारा. या बियाला औषध लावलंय, ते खायचं नाही, एवढं नजरेला कळावं म्हणून तो मुद्दाम चढवलेला असतो.

औषध तरी किती? थायरम या बुरशीनाशकाची शिफारस किलोला ३ ग्रॅम. हजार दाण्यांचं वजन २५ ग्रॅम धरलं, तर किलोत ४० हजार दाणे बसतात. म्हणजे एका दाण्याच्या वाट्याला ग्रॅमचा दहा हजारावा भागही येत नाही! तेवढ्याशा लेपाच्या जोरावर कोवळा कोंब बुरशीला चकवून वर येतो.

पण लेप लावलेलं बी पोटात गेलं तर काय होतं, हे इराकने पाहिलं. १९७१ मध्ये तिथे पेरणीसाठी पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेला लालसर गहू आला. पोत्यांवरच्या सूचना परक्या भाषेत. काहींनी गहू धुतला. रंग उतरला, विष तसंच राहिलं. काहींनी आधी कोंबड्यांना घातला. चार दिवस त्या धडधाकट दिसल्या, कारण या विषाचा परिणाम दिसायला कित्येक आठवडे लागतात. मग रोट्या झाल्या. सरकारी आकड्यांनुसार रुग्णालयांत ४५९ माणसं दगावली.

थायरम म्हणजे पारा नव्हे, पण रंग धुतला की औषध गेलं, हा समज इथेही तितकाच खोटा. १९६८ च्या बियाणे नियमांनुसार अशा पिशवीच्या लेबलावर औषधाचं नाव हवं, आणि अन्न, चारा किंवा तेलासाठी वापरू नये ही ताकीदही.

घरच्या बियाण्याला मात्र लेबल नसतं. ते निवडताना १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात धान टाकलं की पोचट दाणे वर तरंगतात. ते काढायचे, बुडालेले स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. इथवर नुसतं मीठ. पुढे थायरम चोळलं की तो दाणा खाण्यातून बाद झाला, पण रंग न मिसळल्यामुळे तो ओळखू येईलच असं नाही. तेव्हा पोत्यावर ठळक लिहून ठेवायचं आणि ते खाण्याच्या धानापासून दूर ठेवायचं. चोळताना हातमोजे, तोंडाला फडकं. आणि साबणाने हात धुतल्याशिवाय खर्रा घोटायचा नाही. उरलेलं बी गिरणीत नाही, कोंबड्यांपुढेही नाही; रिकाम्या पोत्यात तांदूळ तर कधीच नाही.