जुनं सागवानी कपाट विकून नवं घेताय? आधी लाकूड ओळखा

घराला रंग द्यायचा असो किंवा नव्या फ्लॅटमध्ये जायचं असो, पहिला बळी जातो तो जुन्या फर्निचरचा. आजोबांच्या काळातलं कपाट, करकरणारी खुर्ची, पॉलिश उडालेलं टेबल. 'जागा अडवतंय' म्हणत ते भंगारवाल्याला दिलं जातं आणि त्याच्या जागी चकचकीत नवं कपाट येतं.

पण दोन पावसाळ्यांनंतर अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते. नव्या कपाटाचा तळ फुगला, दाराची बिजागरी निघून आली. दुरुस्तीला आलेला सुतार म्हणतो, 'याला आता काही होणार नाही.'

असं का होतं? याचं उत्तर फर्निचर जुनं की नवं यात नाही. ते कशापासून बनलंय, यात आहे.

नव्या कपाटात नेमकं असतं काय?

बाजारातल्या बऱ्याचशा तयार फर्निचरमध्ये पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ वापरतात. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे बारीक तुकडे गोंदात मिसळून दाबून केलेली फळी. एमडीएफमध्ये त्याहून बारीक तंतू असतात, त्यामुळे ती गुळगुळीत दिसते. वरून लाकडासारखी छपाई असलेला थर चिकटवला जातो.

साध्या पार्टिकल बोर्डात पाणी शिरलं की तुकडे फुगतात आणि गोंदाची पकड सुटते. वाळल्यावरही फळी पूर्ववत होत नाही. स्क्रू एकदा ढिला झाला की त्याच भोकात पुन्हा घट्ट बसणंही अवघड.

प्लायवूड यापेक्षा मजबूत असतं. त्यात लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात. सागवानासारखं अख्खं लाकूडही दमट हवेत फुगतं, पण हवा कोरडी झाली की बऱ्याच अंशी मूळ आकारात येतं. ते तासता येतं, जोडता येतं, पुन्हा पॉलिश करता येतं. दुरुस्तीच्या दृष्टीने मोठा फरक हाच आहे.

घरच्या घरी कसं ओळखाल?

'जड आहे म्हणजे सागवानच' हा समज चुकीचा आहे. एमडीएफची फळी सागवानाइतकी किंवा त्याहून जड असू शकते. त्याऐवजी हे तपासा:

- कड बघा. अख्ख्या लाकडात वरच्या रेषा कडेवरही पुढे जाताना दिसतात. प्लायवूडमध्ये थर दिसतात. कडेला पट्टी चिकटवली असेल तर आत काय आहे ते त्या पट्टीमागे लपलेलं असतं.
- झाकलेली बाजू बघा. खणाचा मागचा भाग, टेबलाची खालची बाजू, कपाटाची पाठ. इथे सहसा पॉलिश नसतं, त्यामुळे खरं लाकूड दिसतं.
- बिजागरीचा एक स्क्रू काढून बघा. भोकातून भुसा आणि चुरा पडला तर बोर्ड; लाकडाचे तंतू दिसले तर लाकूड.
- सांधे बघा. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं असेल, तर ते सुताराने हाताने केलेलं काम असण्याची शक्यता जास्त.

डुगडुगणारं फर्निचर वाया गेलं का?

बहुतेक वेळा नाही. खुर्ची डुगडुगते कारण सांध्यातला जुना गोंद सुकून सुटलेला असतो. त्यावर खिळा ठोकू नका, त्याने लाकूड फाटतं. सांधा उघडून, जुना गोंद खरवडून, नवा गोंद लावून तो दिवसभर आवळून ठेवला की खुर्ची पुन्हा घट्ट होते.

वेताची बैठक खाली झुकली असेल पण वेत तुटला नसेल, तर खालच्या बाजूने ओलं फडकं लावून वेत भिजवा आणि सावलीत वाळू द्या. वाळताना वेत आवळतो.

पॉलिश उडालं असेल तर आधी ते कोणतं आहे ते बघा. कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब लावल्यावर चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश. असं पॉलिश सगळं न खरवडता त्यावरच नवा हात देता येतो. पॉलिश पेपर मारावाच लागला तर तो लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच मारा. आडवा मारलेला ओरखडा पॉलिशनंतर जास्त उठून दिसतो.

फर्निचरवर मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. बारीक भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर लाकूड पोखरणारे किडे. सागवानाचा गाभा वाळवीला बराच दाद देत नाही, पण बाहेरचा फिकट भाग पोखरला जाऊ शकतो. आधी किडीचा बंदोबस्त, मगच पॉलिश.

जुना रंग खरवडताना सावधान

भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं जास्त असू शकतं आणि ते लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीसाठी घातक आहे. त्यामुळे जुनं रंगवलेलं फर्निचर घरात कोरडं घासू नका. काम बाहेर, मास्क लावून आणि पृष्ठभाग ओला ठेवून करा. मुलं आणि गरोदर महिलांना लांब ठेवा.

व्हायरल टिप्सचं काय?

खोबरेल तेल चोळलं की लाकूड लगेच चमकतं, पण हे तेल वाळत नाही. त्यावर धूळ चिकटते आणि काही दिवसांनी वास येतो. रोजच्या निगेसाठी मऊ कोरडं फडकं पुरेसं आहे.

पावसाळ्यात खण अडकला तर लगेच रंधा मारू नका. हिवाळ्यात लाकूड आकसलं की तोच खण ढिला होईल. तोपर्यंत सरकणाऱ्या भागावर मेणबत्ती घासा. कपाट आणि भिंतीत थोडी फट ठेवली तर हवा खेळती राहते आणि बुरशी कमी धरते.

नवंच घ्यायचं असेल तर?

'टीक फिनिश' म्हणजे सागवान नव्हे. तो फक्त रंग किंवा छपाई असू शकते. दुकानदाराला थेट विचारा, 'आत काय आहे?' आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. स्वयंपाकघरातल्या सिंकखाली 'आयएस ७१०' शिक्का असलेलं मरीन प्लायवूड घेणं योग्य. 'एमआर' प्लायवूड दमटपणा सोसतं, साचलेलं पाणी नाही. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो आणि कोरड्या खोलीत, हलक्या सामानासाठी चालतोही. भाड्याच्या घरात काही वर्षांसाठी तो घेणं चूक नाही, फक्त तो दुरुस्त होईल ही अपेक्षा ठेवू नका.

म्हणून भंगारवाल्याला बोलावण्याआधी एका सुताराला बोलवा. दुरुस्तीचा खर्च आणि तितक्याच अख्ख्या लाकडाच्या नव्या कपाटाची किंमत शेजारी शेजारी मांडा. तुलना बोर्डाच्या कपाटाशी केली तर जुनं कपाट महाग वाटेल. लाकडाशी केली तर ते ठेवायचं की विकायचं, हे ठरवणं सोपं जाईल. आणि विकायचंच ठरलं, तर ते भंगाराच्या भावाने विकू नका.