जुन्या होडीला नवं मशीन घेताय? आधी मागची फळी ठोकून बघा

सिलवासा : दमणगंगेवरच्या मधुबन धरणाच्या पाण्यात, दुधनीच्या बाजूला, लहान होड्या चालतात. आउटबोर्ड मशीन थकलं की दुकानात पहिला प्रश्न येतो, 'किती एचपीचं देऊ?' खरं तर तो नंतरचा प्रश्न आहे.

आधी फळी. मशीन ज्या मागच्या फळीवर टांगतात, ती हातोडीने ठोकून बघा. आवाज बद्द आला, स्क्रू हलत असला, तर आतून लाकूड कुजलंय. अशा फळीवर नवं मशीन लावलं तर ते फळीसकट पाण्यात जाईल.

मग वजन. फोर-स्ट्रोक पेट्रोल कमी खातं, तेल मिसळावं लागत नाही. पण 15 एचपीत ते टू-स्ट्रोकपेक्षा साधारण 10 ते 15 किलो जड भरतं. जुनी होडी मागून दबली की लाट आत येते. टू-स्ट्रोक हलकं, दुरुस्तीला सोपं. मात्र पेट्रोलमध्ये तेल कंपनी सांगेल तेवढंच घाला. प्रमाण 50 ला 1 असेल, तर 5 लिटरला 100 मिली.

शाफ्ट मोजूनच घ्या. फळीची उंची 15 इंच असेल तर शॉर्ट, 20 असेल तर लाँग. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, मशीन नुसतं ओरडतं. लांब झाला तर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बुडालेल्या खोडाला, दगडाला आपटतो.

आता एचपी. 16 फुटी, भरलेली जड होडी ताशी 10 किलोमीटरच्या आसपास अडते. दुप्पट ताकद लावली तरी पेट्रोलच जळतं, वेग फारसा वाढत नाही.

किनाऱ्यावरून सेकंड हँड मशीन आणत असाल, तर ते पिंपातल्या पाण्यात चालवून बघा. थंड करणाऱ्या पाण्याची धार सलग यायला हवी. कोरडं चालवू नका, आतला रबरी पंप जळतो. खाऱ्या पाण्यासाठी बसवलेला जस्ताचा अॅनोड गोड्या पाण्यात नीट काम करत नाही; मॅग्नेशियमचा किंवा अॅल्युमिनियमचा लावा.

बिल फाडण्याआधी मत्स्य विभागात अनुदानाची चौकशी करा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना 60 टक्क्यांपर्यंत मदत असते. मशीन त्यात बसतं का, ते तिथेच विचारा.

पहिली फेरी काठाजवळ, जाळी आणि माणसं धरून पूर्ण वजनात मारा. वल्हं मात्र होडीत असू द्या.