बारमाही सर्दी : सायनसचा जुनाट आजार आणि जन्मजात सिलिया-दोष

महाड व पोलादपूर तालुक्यांत पावसाळा प्रदीर्घ असतो. त्यामुळे मुलाचे नाक सतत वाहत असले, तर ‘हवा मानवत नाही’ असे म्हणून घरची मंडळी स्वस्थ राहतात. बहुतेकदा ते खरेही असते. परंतु जन्मापासून असलेली आणि वैशाखातही न हटणारी सर्दी क्वचित एका आनुवंशिक विकाराची खूण असते. आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे नातेवाईक यांना त्याचा परिचय व्हावा, म्हणून हे टिपण सादर करीत आहोत.

नाक, चेहऱ्याच्या हाडांतील पोकळ्या म्हणजेच सायनस, कान व घसा यांना जोडणारी नळी आणि श्वासनलिका यांच्या अस्तरावर सिलिया नावाचे अतिसूक्ष्म केस असतात. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून ते धूळ व जंतू धरून ठेवणारा श्लेष्मा पुढे लोटतात. काही मुलांत हे केस जन्मतःच हलत नाहीत किंवा नीट हलत नाहीत. मग श्लेष्मा साचून सायनसला वारंवार जंतुसंसर्ग होतो, कानात द्रव साचून ऐकू कमी येते आणि पुढे श्वासनलिका कायमच्या रुंदावतात.

झुरिकचे डॉ. कार्टाजेनर यांनी १९३३ मध्ये सायनसचा आजार, रुंदावलेल्या श्वासनलिका आणि उलट बाजूंना असलेले अवयव यांची सांगड वर्णन केली. तिचे मूळ सिलियांच्या दोषात आहे, हे स्टॉकहोमचे संशोधक अफझेलियस यांनी १९७६ मध्ये दाखविले. सुमारे निम्म्या रुग्णांत हृदय उजवीकडे असते. क्ष-किरण फिल्म उलटी धरली गेली, असा अशा वेळी समज होऊ शकतो. म्हणून फिल्मवरील डाव्या-उजव्या बाजूची खूण पाहणे अगत्याचे ठरते. हृदय डावीकडे दिसले, तरी हा विकार नाही असे म्हणता येत नाही.

बहुतेक कुटुंबांत आईवडील दोघेही निरोगी, परंतु सदोष जनुकाचे वाहक असतात. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्यास हा विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. नात्यातील विवाहांत ती जोखीम वाढते. यात आईच्या खाण्यापिण्याचा कोणताही दोष नसतो.

पुरे दिवस भरूनही जन्मतः श्वासाचा त्रास, बारमाही ओला खोकला आणि वाहते कान ही लक्षणे एकत्र आढळल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. जुनाट खोकल्यामुळे क्षयाचा संशय येतो. थुंकीची तपासणी झाल्याशिवाय तोच निष्कर्ष धरू नये. निदानासाठी नाकातील वायूची, सिलियांची व जनुकांची तपासणी मोठ्या शहरांतील केंद्रांत करावी लागते.

हा विकार समूळ बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. सायनसची शस्त्रक्रिया काहींना आराम देते. मात्र सिलिया त्यामुळे हलू लागत नाहीत. रोजचा उपचार मात्र साधा आहे : उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणे, छातीतील कफ काढण्याचा व्यायाम, वेळेवर लसीकरण आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच प्रतिजैविके. श्रवणाची तपासणीही नियमित व्हावी. अन्यथा ऐकू न येणारे मूल शाळेत मंदबुद्धीचे ठरते.

डोंगरातील वाडीवरून मुंबई-पुण्यास वारंवार जाणे अनेक कुटुंबांस परवडत नाही. आपली देणगी अशा प्रवासाचा व तपासणीचा भार हलका करू शकते. वेळीच झालेले निदान फुप्फुसे वाचविते, एवढे ध्यानी घ्यावे, ही नम्र विनंती.